ओढून बघितलं की उघडतं

बंद केलेली गोष्ट खरोखर बंद आहे का, हे कळायला जगात एकच उपाय आहे असं खात्रीकाकांचं ठाम मत होतं: ती ओढून बघायची. मग ते घराचं कुलूप असो, कपाटाचं दार असो, नाहीतर पिठाच्या डब्याचं झाकण. गॅसचं बटण ते बंद करायचे, मग बंद आहे का बघायचे, मग बघताना चुकून चालू तर झालं नाही ना, हे बघायचे. इमारतीत त्यांना सगळे खात्रीकाका म्हणत आणि त्यांच्या बायकोला, तिचा काडीचाही दोष नसताना, खात्रीकाकू.

बरं, नोकरीही अशी, की स्वभावाला खतपाणीच मिळावं. काका वजनमापांचे निरीक्षक होते. "तराजू अगदी बरोबर आहे हो साहेब," असं दुकानदार म्हणाला की काका गोड हसायचे आणि पिशवीतून स्वतःची वजनं काढायचे. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यासाठी सरकार आपल्याला पगार देत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी मात्र त्यासाठी कोणी पगार देत नव्हतं, तरी काम चालूच होतं.

जुन्या गाडीशी त्यांचा संसार सुखाचा होता. दाराला भोक, भोकात किल्ली, किल्ली फिरवली की खट्ट. मग चारही दारं एकेक ओढत गाडीला प्रदक्षिणा. नवी गाडी आली आणि या प्रदक्षिणेतला देवच हलला.

"साहेब, किल्ली खिशातून काढायचीच नाही," शोरूममधला विक्रेता म्हणाला. "तुम्ही आलात की गाडीला कळतं. हँडलला हात लावा."

काकांनी हात लावला. आतला दिवा लागला, आरसे कानांसारखे बाहेर आले, दार मऊसूत उघडलं. काका एक पाऊल मागे सरले. देवळात अचानक घंटा वाजावी तसे त्यांचे दोन्ही हात जवळ आले होते, ते त्यांनी शिताफीने खिशात घातले.

"हिला कळलं, मी आलोय ते," ते हळूच काकूंना म्हणाले.

"मलाही रोज कळतं," काकू म्हणाल्या. "मी कुठे दिवे लावते?"

"आणि बंद करायची असेल तर हँडलवरच्या या बारक्या बटणाला बोट लावायचं," विक्रेत्याने दाखवलं. गाडी चिवचिवली, कान मिटले. काकांनी समाधानाने मान डोलावली आणि शिरस्त्याप्रमाणे बंद आहे का ते बघायला हँडल ओढलं.

दार उघडलं.

"बंद झाली नाही."

"झाली होती साहेब. तुम्ही हात लावला म्हणून उघडली."

"मी हात उघडायला नाही लावला. बंद आहे का बघायला लावला."

"पण गाडीला कसं कळणार तुमच्या मनात काय आहे ते?"

"आता तुम्हीच म्हणालात ना, तिला कळतं म्हणून?"

विक्रेत्याने पुन्हा बंद केली. काकांनी पुन्हा ओढली. पुन्हा उघडली. शोरूममधली बाकीची गिऱ्हाइकं जमू लागली, तेव्हा काकूंनी पेढ्यांऐवजी मिळालेला पुष्पगुच्छ काकांच्या हातात कोंबला आणि त्यांना आत बसवलं. घरापर्यंत काका त्याच विचारात होते. प्रश्न साधा नव्हता. गाडी बंद आहे हे बघायला जवळ जावं, तर जवळ गेल्यामुळेच ती उघडते. झोप लागली का असं विचारून कुणाला उठवावं, त्यातली गत.

यावर तोडगा निघाला आणि तो काकूंच्या पायांवर उभा होता. किल्ली काकूंनी घ्यायची, इमारतीच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं, काकांनी चारही दारं ओढायची, मग हात वर करून "ठीक!" म्हणायचं. बाजारातून आल्यावर फाटक. दवाखान्यातून आल्यावर फाटक. एकदा तर काकू केसांना मेंदी लावून, डोक्यावर जुनं वर्तमानपत्र बांधून फाटकाशी उभ्या होत्या, कारण काका खाली काहीतरी आणायला गेले होते आणि परत आल्यावर त्यांच्या मनात शंका आली होती.

"अहो, झालं का?" काकू ओरडल्या.

"मागचं डावं राहिलंय!"

नेमक्या त्याच वेळी तळमजल्यावरच्या कुत्रेवाल्या बाई फिरून येत होत्या. एक माणूस वाकून गाडीची दारं एकामागून एक हिसकतोय आणि फाटकाशी तोंड-डोकं बांधलेली एक बाई पहारा देतेय, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी कुत्रं सोडलं. कुत्रं गरीब होतं, ते काकांचा बूट चाटून परत गेलं. पण काकांच्या अब्रूचं जे व्हायचं ते झालं. जिथे आयुष्यभर लोक 'साहेब आले' म्हणून तराजू पुसून ठेवत, तिथे स्वतःच्या दारात त्यांना "अहो, मी चोर नाही, मालक आहे," असं सांगावं लागलं. आणि बाईंनी विचारलं, "मालक आहात, तर किल्ली कुठाय?"

वरच्या मजल्यावरचे विमावाले हे सगळं गॅलरीतून बघत होते. फुकट सल्ला द्यायची संधी त्यांनी आजवर सोडलेली नव्हती.

"काका, काकूंना कशाला पळवता? किल्ली स्टीलच्या डब्यात घाला. झाकण घट्ट. स्टीलच्या आत असली की तिचा आवाज गाडीला ऐकू जात नाही."

"आवाज? ती कुठे बोलते?"

"बोलते हो. सारखी बोलत असते. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

काका किल्लीकडे बघतच राहिले. खिशात इतके दिवस काहीतरी अखंड बोलत होतं आणि आपल्याला पत्ताच नाही! त्या दिवसापासून ते खिशावर हात ठेवताना जरा जपून ठेवू लागले. काकूंनी लवंगांचा छोटा डबा रिकामा करून दिला. किल्ली डब्यात, झाकण टक्क, हँडल ओढलं, आणि गाडी ढिम्म! काकांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला, की काकूंना फाटकाशी उभं राहिल्याचा शीण क्षणभर विसरायला झाला. क्षणभरच. कारण मग काकांच्या मनात आलं, डब्याचं झाकण खरंच घट्ट आहे का? म्हणजे डबा घेऊन काकू पुन्हा फाटकाशी.

असा महिना गेला आणि हँडलच गेलं. हात लावला तरी गाडी ओळख दाखवेना. वर्कशॉपमधल्या सुपरवायझर बाईंनी हँडल खोलून बघितलं, मग काकांकडे बघितलं.

"काका, नवी गाडी आहे ना? हे हँडल तर टॅक्सीचं वाटतंय. तुम्ही करता तरी काय याचं?"

"खात्री," काकू म्हणाल्या.

सुटा भाग यायला काही दिवस लागणार होते. तोवर वर्कशॉपने बदली गाडी दिली. आणि ती अवलाद आणखी वेगळी! हिला हातसुद्धा लावायचा नव्हता. किल्ली घेऊन जवळ आलात की ती आपणहून उघडायची, लांब गेलात की आपणहून बंद व्हायची. बटण नाही, बोट नाही, काही नाही. काका चार पावलं लांब गेले. चिवचिव, कान मिटले. काका वळले. कान उघडले. लांब, मिटले. जवळ, उघडले. वर्कशॉपच्या अंगणात काका आणि गाडी यांचा हा लपंडाव बराच वेळ चालला होता. मेकॅनिक लोक पाने खाली ठेवून बघत होते.

"कमाल आहे," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती, पण त्याहून जास्त भक्ती होती. "आपल्या पावलांवर हिचा जीव आहे गं."

त्याच आठवड्यात ऑफिसची जीप बंद पडली आणि साहेबांनी काकांना बोलावलं. ऑफिसची प्रमाण वजनं दरवर्षी मुख्य प्रयोगशाळेत तपासून आणावी लागत. ती नेहमी जीपमधून जायची. आता न्यायची कशी?

"तुमच्याकडे गाडी आहे ना?" साहेब म्हणाले. "उद्या दुपारच्या सुट्टीच्या आत पेटी तिथे पोचली पाहिजे. आपली पाळी चुकली, तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. तोवर ऑफिसला टाळं. आणि पेटीला काही झालं, तर..." ते पुढचं बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

कारण गावातला प्रत्येक तराजू शेवटी त्या पेटीला विचारून खरं बोलत होता. आत मखमलीच्या खळग्यांत पितळेची वजनं, मोठ्यापासून टिकलीएवढ्या बारक्यापर्यंत. त्यांना हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं; बोटाचा ठसा उमटला तरी त्याचं वजन होतं. काका ती पेटी उघडायचे तेव्हा श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचे. आणि ही पेटी आता अशा गाडीत जाणार होती, जी बंद आहे की नाही हे ब्रह्मदेवालाही जवळ जाऊन सांगता आलं नसतं. पेटी गेली तर नोकरी जाईल, हे तर झालंच. पण सगळ्या जन्मात कमावलेला एकच शब्द होता, खात्री, तोही जाईल.

हेडक्लार्क बाईंनी मंजुरीचा कागद पुढे ओढला. "वाहनाच्या किल्लीचा क्रमांक?"

"किल्लीला क्रमांक नाही. ती लावायचीच नसते."

"मग गाडी उघडते कशी?"

"आपोआप."

"बंद?"

"तीही आपोआप."

"असं लिहिलं तर ऑडिटवाले मला आपोआप घरी पाठवतील," बाई म्हणाल्या. "'वाहन कुलूपबंद असल्याची अधिकाऱ्याने प्रत्यक्ष खात्री करावी' असा नियम आहे. तुम्ही ती करणार कशी?"

"बायको बरोबर घेऊन."

"बाहेरची व्यक्ती चालत नाही."

"अहो, बायको बाहेरची कशी?"

बाईंनी पेन टेकवून थोडा विचार केला. त्याही संसारी होत्या. "पेटीसोबत मदतनीस चालतो," असं म्हणत त्यांनी लिहून टाकलं. अशा रीतीने काकू सरकारी कामावर रुजू झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. वाटेत काकांनी कुठे थांबू दिलं नाही. थांबलं की उतरणं आलं, उतरलं की बंद होणं आलं, आणि बंद झालं की खात्री आली. काकूंनी चहाची तीन हॉटेलं खिडकीतून जाताना पाहिली, चौथ्याला नुसता सुस्कारा सोडला.

प्रयोगशाळेच्या आवारात पोचले, तेव्हा दुपारची सुट्टी व्हायला अजून थोडा अवकाश होता. पेटी जड होती. आत जाऊन ढकलगाडी मागून आणायची होती. म्हणजे पेटी काही वेळ गाडीत एकटी राहणार. काकांनी डिकी उघडली, किल्ली लवंगांच्या डब्यात घातली, झाकण दाबलं. मग मनात आलं, सील शाबूत आहे ना? पेटी तिरकी करायला दोन्ही हात हवेत. डबा बाजूला ठेवला. सील बघितलं. शाबूत. पेटी सरळ केली, सील पुन्हा बघितलं, डिकी लावली आणि निघाले.

मागे चिवचिव झाली.

काका सवयीने वळले आणि, किल्ली डब्यात घातल्याचं विसरून, धावत गाडीजवळ आले. आता कान उघडणार, दिवे लागणार... काहीच झालं नाही. त्यांनी हँडल ओढलं. गाडी ढिम्म. मागचं ओढलं. ढिम्म. डिकी ओढली. ढिम्म!

"अगं!" काका ओरडले. "बंद आहे! मी जवळ आहे, हात लावतोय, ओढतोय, तरी बंद आहे! अशी बंद गाडी मी आजवर पाहिली नाही!"

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र प्रकाश पडला नव्हता.

"डबा कुठाय?"

काकांनी उजवा खिसा चाचपला. डावा चाचपला. शर्टाचा चाचपला. मग डिकीकडे बघितलं.

किल्ली आत राहिली तर ही गाडी मुळात बंदच होत नाही, असं वर्कशॉपच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं. गाडी तेवढी हुशार होती. पण स्टीलच्या आतली किल्ली तिला ऐकूच आली नाही. मालक गेला असं समजून तिने इमानेइतबारे स्वतःला कुलूप लावून घेतलं, पेटीसकट, डब्यासकट. एवढ्या हुशार गाडीला कुणीही सहज फसवू शकलं नसतं. त्याला खात्रीकाकाच हवे होते.

काकूंनी वर्कशॉपला फोन लावून काकांच्या हातात दिला. त्या बदली गाडीला म्हणे वर्कशॉपमधूनच उघडता येत होतं.

"येतं की," पलीकडून सुपरवायझर बाई म्हणाल्या. "पण आधी तुम्ही कोण ते सांगा. गाडी आमच्या नावावर आहे, कुणीही फोन करून उघडा म्हणेल. गाडीत काय आहे?"

"एक पेटी."

"पेटीत काय?"

काका ताठ झाले. "ते सांगता येणार नाही. सरकारी गोपनीय आहे."

"मग मलाही उघडता येणार नाही."

"बाई, मी वजनमापांचा निरीक्षक आहे! माझ्या शब्दावर..." आणि काका मध्येच थांबले. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, हे वाक्य त्यांनी आजवर इतक्या दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं आणि इतक्यांदा गोड हसले होते, की ते स्वतःच्या तोंडून त्यांना पुरतं करवेना.

प्रयोगशाळेच्या दारातला पहारेकरी मनगटावरचं घड्याळ बघत होता. सुट्टी व्हायला आली होती. काकूंनी फोन काढून घेतला.

"ताई, ऐका. तुमच्याकडे ती नवी गाडी आलीय ना, जिचं हँडल ओढून ओढून..."

"अय्या! हँडलवाले काका का?" पलीकडे खळखळून हसणं ऐकू आलं. "मग आधी नाही का सांगायचं! त्यांना कोण ओळखत नाही इथे! थांबा हं, गाडीकडे बघा."

दोघं गाडीकडे बघत राहिले. आवारात झाडाचं पानही हलत नव्हतं. आणि मग इतक्या लांबून, मध्ये एवढे रस्ते, एवढी शेतं, एवढी माणसं असताना, कुठल्या तरी टेबलाशी बसलेल्या एका बाईच्या बोटाखाली काहीतरी हललं असेल, आणि इथे त्यांच्या डोळ्यांदेखत गाडीने हळूच कान उघडले, दिवे लागले. कोणी जवळ आलं नव्हतं. कोणी हात लावला नव्हता. अब्रूला केवढा ओरखडा गेलाय, हे काकांना कितीतरी वेळाने आठवलं. त्या घटकेला ते फक्त बघत होते. यावेळी मात्र त्यांचे हात आपोआप जुळले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

पेटी सुट्टीआधी आत गेली. ढकलगाडी काकूंनी ओढली; मदतनीस होत्या ना.

दुपारनंतर तराजूखोलीच्या प्रमुखांनी काकांना काचेतून आत बघू दिलं. आजवर पेटी जीपच्या ड्रायव्हरबरोबर यायची, त्यामुळे ही खोली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आत कोणीच नव्हतं. मंद उजेडात काचेच्या पेटाऱ्यात एक तराजू आणि त्यावर काकांचं एक पितळी वजन. यंत्राचा बारीक हात यायचा, वजन उचलायचा, ठेवायचा, थांबायचा.

"आत कोणी का नाही?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"माणूस जवळ असला की त्याच्या अंगाची ऊब लागते, आणि काटा डळमळतो," प्रमुखही कुजबुजत म्हणाले. "आम्ही वजन ठेवतो आणि बाहेर येतो."

"मग मध्ये मध्ये जाऊन बघत नाही? बरोबर चाललंय का ते?"

"बघायला गेलं की बिघडतं."

काका खूप वेळ काचेला नाक लावून उभे होते. त्यांच्या श्वासाने काच धुकट झाली, तशी त्यांनी ती रुमालाने पुसली आणि जरा लांब सरकून उभे राहिले.

वजनं खरी निघाली. नवं सील लागलं, पेटी डिकीत परत गेली. काका गाडीत बसायला निघाले, तर काकू तिथेच उभ्या.

"मला चहा हवाय."

"वाटेत..."

"वाटेत तुम्ही थांबत नाही. इथे कॅन्टीन आहे. आणि मी फाटकाशी उभी राहणार नाही, किल्ली धरणार नाही. सकाळपासून पोटात काही नाही. मी टेबलाशी बसून चहा पिणार, आणि समोर तुम्ही बसलेले पाहिजेत. नाहीतर सरकारी नोकरीचा हा घ्या राजीनामा."

"पण कॅन्टीन मागच्या बाजूला आहे गं. तिथून गाडी दिसतसुद्धा नाही."

"म्हणूनच."

काकांनी पेटीकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. काकूंचे पाय सुजलेले दिसत होते. हे पाय महिनाभर फाटकाशी उभे होते आणि आपण दारं ओढत होतो, हा हिशेब त्यांच्या आत्ता लक्षात आला. त्यांनी किल्ली डब्यातून काढून खिशात टाकली, डिकी लावली. चालू लागले. मागे चिवचिव झाली. काकांची मान अर्धी वळली, तिथेच अडकली आणि मोठ्या कष्टाने पुढे आली.

कॅन्टीनमध्ये खिडकीच नव्हती. चहा आला. काकूंनी बशीत ओतून सावकाश पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"बंद झाली असेल का?" काकांनी विचारलं.

"असेल."

एखाद्या दुकानदाराने हा शब्द वापरला असता, तर काकांनी जागच्या जागी पिशवी उघडली असती. पण त्यांनी कप उचलला. चहा बरा होता. काकू कुत्रेवाल्या बाईंची गोष्ट सांगून हसू लागल्या, तसे काकाही ओशाळून हसले. कप रिकामा झाला. आता हे उठणार म्हणून काकूंनी पदर सावरला.

"आणखी एकेक घेऊ या?" काका म्हणाले आणि त्यांनी पोऱ्याला हाक मारायला हात वर केला.

टेबलाखाली त्यांचा उजवा पाय मात्र गाडीच्या दिशेने सारखा थरथरत होता. काकूंनी चप्पल काढली आणि आपला पाय अलगद त्या पायावर ठेवला.